आपल्या शाळेच्या गाण्यांसाठी मदत हवीय, पैशाची आणि आवाजाचीपण

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि वसईतल्या सगळ्यांनो,

मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या आम्ही ३२ जणी वर्षभर दर शनिवारी जमतोय आणि शाळेच्या दिवसांवरची ९ गाणी बसवतोय, सुटी सुटी नाही, सकाळच्या घंटेपासून दहावीच्या निरोपापर्यंत एकामागून एक लागून येणारी, तीन आवाजांत.

पहिल्या गाण्यात लॅटिन आहे. आमच्यातल्या पंचाहत्तरीच्या मावश्या लहानपणी लॅटिनमध्येच गायच्या, १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मातृभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली आणि मग हळूहळू आपली मराठी मिस्सा आली. त्यांना 'साल्वे रेजिना' हे मरियामातेचं लॅटिन गाणं अजून तोंडपाठ आहे, अर्थ मात्र आत्ता तालमीत कळला, एका मावशीने तर ऐकून डोळ्याला पदर लावला.

पाचवं गाणं मधल्या सुट्टीचं, ते आख्खं कादोडीत, म्हणजे आपल्या वसईतल्या घरच्या बोलीत आहे. आमच्या वेळी वर्गात कादोडी शब्द तोंडातून गेला की हातावर पट्टी बसायची, मलाही बसलीय. त्यात एक आजी लाल लुगडं नेसून गेटवर डबा घेऊन येते, भाकरी आणि सुके बोंबील, आणि नात मैत्रिणींसमोर तिला ओळख दाखवत नाही. तिथे सगळा क्वायर थांबतो, आमच्यातली एकटीच गाते. ती ओळ आम्हाला अजून सलग म्हणता येत नाही, गळा भरून येतो, पण ते गाणं वगळायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय.

आता अडलंय ते सांगते. नाताळच्या आधी कार्यक्रम करायचाय, त्याला हॉलचं भाडं, साउंडवाला, चांगला कीबोर्ड (आत्ताच्या कीबोर्डच्या खालच्या चार पट्ट्या वाजतच नाहीत) आणि नोटेशनच्या झेरॉक्स, एवढे पैसे लागतील. ५० रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि सगळा हिशोब लिहून लावू. शिवाय ऑल्टोला, म्हणजे खालच्या आवाजाला, फक्त चारजणी आहेत, सगळ्यांना वरचाच सूर हवा असतो, तर जाड आवाजाच्या बायांनी लाजू नका, प्लीज या. आणि कुणाकडे जुन्या गाण्यांच्या हस्ताक्षरातल्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका, फोटो काढून लगेच परत करू.

येत्या तीन रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांपाशी आमचं टेबल असेल.