घेवड्याच्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार. नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण घेवड्यावर सिलिकॉन फवारायचं तुम्ही नीट समजावलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, फोनवर तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषयच बदलता.

आमचा पुरंदर तालुका म्हणजे पाऊस सगळा पलीकडे घाटावर आणि इकडे नुसते ढग. 2023 ला सरकारने दुष्काळ जाहीर केला त्या 40 तालुक्यांत आम्ही होतोच. घेवड्याला तर फुलात असताना पाण्याची पाळी चुकली की फुलगळ सुरू, मग मार्केटयार्डला न्यायचं काय? अशा वेळी दुकानात गेलं की बाटल्याच बाटल्या दाखवतात, प्रत्येक टॉनिक दुष्काळावर रामबाण. सिलिकॉनही मला आधी तसलंच काहीतरी वाटलं होतं, खरं सांगतो.

तुम्ही बांधावर बसून सांगितलंत ते डोक्यात बसलं. आपला काळा दगड बेसाल्टचा, त्यात जवळपास निम्मी सिलिकाच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून झालेला पदार्थ, मग पिकाला वरून कशाला द्यायचं हा माझा प्रश्न. तर तुम्ही म्हणालात की दगडातलं मुळाला मिळत नाही, पाण्यात विरघळलेलं सिलिसिक ॲसिड असेल तेवढंच मूळ उचलतं, मग ते पानात जाऊन सालीखाली बसतं, आतून अस्तर लावल्यासारखं, आणि पानातून उडणारं पाणी थोडं कमी होतं. आणि लगेच हेही सांगितलंत की भात सिलिकॉन भरपूर ओढतो, घेवडा त्या मानाने फारच कमी, त्यामुळे भाताचे रिझल्ट बघून घेवड्यावर उड्या मारू नका. माल विकणारा कुणी हे वाक्य बोलला असता का? "हे पाण्याला पर्याय नाही, दोन पाळ्यांमधला ताण सोसायला मदत आहे, ठिबक आणि आच्छादन आधी" हे तर तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आमच्या आईलाही पाठ झालंय.

पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे आपण फवारतो ते सिलिकॉनचं औषध, पंपात एकटंच घालायचं, कॅल्शियमवालं खत सोबत नाही, नाहीतर साका होऊन नोझल बसतं, हेही तुमच्यामुळेच कळलं. ते फार अल्कलाइन असतं म्हणून लेबलवरच्या प्रमाणापेक्षा एक थेंब जास्त नको, आणि फवारणी संध्याकाळी उतरत्या उन्हात. शेजारच्या प्लॉटवर सगळं एकत्र ढवळून मारलं, पंपात दह्यासारखं झालं होतं, असो.

पण खरे आभार त्या मोकळ्या ओळींसाठी. प्लॉटच्या मधल्या काही सऱ्यांना नुसतं साधं पाणी मारायला लावलंत तेव्हा घरात सगळे वैतागले, औषध आहे तर सगळ्यालाच मारा ना! आता त्या होत्या म्हणून तर बोलता येतंय. पाळी लांबली तेव्हा दुपारी दोन्हीकडची पानं मान टाकायची पण फवारलेली संध्याकाळी लवकर सावरायची, फुलगळ तिकडे कमी दिसली आणि शेवटचा तोडा त्याच सऱ्यांनी दिला. फार मोठा फरक नाही, खर्च वजा जाऊन थोडं उरलं इतकंच. मी खुशीत फोन केला तर तुम्ही म्हणालात एका हंगामावरून ठरवू नका, मोकळ्या सऱ्या पुढच्या वेळीही ठेवा. ठेवणार, आता घरचेही नाही म्हणत नाहीत.

भोरकडच्या राइस मिलमधून तुसाची राख स्वस्तात मिळतेय, तिच्यात सिलिका भरपूर, पण फार तापून जळालेली असेल तर ती लवकर विरघळत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून आधी थोडीच आणलीये. जमिनीचा पीएच बघितल्याशिवाय टाकत नाही, मातीचा रिपोर्ट आला की फोटो पाठवतो, तेवढं बघून सांगा. आणि सासवडला आलात तर अंजीर घेतल्याशिवाय परत जायचं नाही.