नाण्यांची बरणी

अम्मी, अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

अब्बा, आधीच सांगून टाकते, म्हणजे रागवायचं असेल तर लगेच रागावून घ्याल. भिंतीवरचा मुलांच्या नमाजचा तक्ता मी काढलाय. दर नमाजला एक नाणं, तेही बंद. बरणी माळ्यावर आहे, तुमचं एकही नाणं हललेलं नाही. ईदी द्या, लाडाने हवं ते द्या, फक्त नमाजच्या बदल्यात नको.

तुमच्या बक्षिसाने वाईट काही झालं नाही, हे मनापासून सांगते. सात वर्षांच्या मुलाला नमाजला लावा असं हदीस, म्हणजे नबींचं वचन, सांगते, आणि मोठ्याला ती गोडी तुम्हीच लावलीत. पण आता तो दहाचा आहे. पहाटेची फज्र हुकली की 'नाणं गेलं' म्हणतो, 'नमाज गेली' म्हणत नाही. दारावरची बेल वाजली की कपाळ टेकलेला त्याचा सजदा लांबतो. एरवी अल्लाहच्या स्तुतीच्या तीन तसबीह झाल्या न झाल्या की डोकं वर! त्यात त्याचा दोष नाही. मोजणारं जे समोर दिसतं, मूल त्याच्यासाठीच करतं.

'इन्नमल आमालु बिन्नियात', म्हणजे कामाचं मोल नियतवर, मनातल्या हेतूवर ठरतं, ही नबींचे साथी हजरत उमर यांच्याकडून आलेली, बुखारी शरीफ या हदीससंग्रहातली पहिली हदीस तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतली होती. त्यातलं पुढचं उदाहरण मुलांना लगेच कळतं: दोघं एकाच वाटेने हिजरत करतात, घरदार सोडून निघतात, एक अल्लाह आणि रसूलसाठी, दुसरा दुनियेच्या फायद्यासाठी किंवा लग्नासाठी. पावलं तेवढीच, पण ज्याला जे हवं होतं तेच त्याच्या पदरात.

मग शिकवायचं कसं, ते लिहिते, कारण सुट्टीत मुलं तुमच्याकडेच असतील. नियत म्हणजे लांबलचक अरबी वाक्य, असं त्यांना वाटू देऊ नका. नियत मनात असते. शब्द अडले म्हणून सुरुवातीची 'अल्लाहु अकबर'ची तकबीर पुन्हापुन्हा म्हणायची नाही, नाहीतर सारखी शंका घेण्याचा वसवसा जडतो. कोणती नमाज आणि कुणासाठी, एवढं मनात असलं की हात बांधायचे.

रोजच्या कामात दिवसातून एकदाच विचारा, तेही काम सुरू व्हायच्या आधी: "हे कशासाठी करतोयस?" प्रत्येक वेळी विचारलंत तर पोपटासारखं 'अल्लाहसाठी' येईल आणि विषय संपेल. त्यापेक्षा कामाला नियत जोडून दाखवा. झोपायचंय? फज्रला उठता यावं म्हणून. वाटेतला दगड उचलायचाय? कुणी ठेचकाळू नये म्हणून; हदीसमध्ये तोही सदका, म्हणजे दानच आहे. अम्मी, धाकटीने पाण्याचा तांब्या भरून उशाशी ठेवला तर पाहुण्यांसमोर 'किती गुणाची माझी बाय' म्हणू नकोस. "रात्री मला उठावं लागलं नाही" एवढंच तिला एकटीला सांग. तिला कामाचा उपयोग दिसतो, टाळ्यांची चटक लागत नाही.

आठवड्यातून एक चांगलं काम मुलांनी गुपचूप करायचं, मलाही सांगायचं नाही, असं ठरवलंय. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, त्यातलंच हे. दोन दिवसांत धाकटी सांगत येणारच. ओरडू नका, 'बरं' म्हणा आणि पुढच्या आठवड्याचं दुसरं ठरवा. मोठ्याचं मात्र उलटं होईल: लोक बघतायत म्हणून तो चांगलं काम सोडून देईल. तेही लोकांसाठीच झालं की! त्याला म्हणा, करत राहा, नियत तेवढी सरळ कर. आणि नियत चांगली म्हणून चुकीचं काम बरोबर ठरत नाही, हे दोघांना सांगा. चोरीच्या पैशातून सदका दिला तरी चोरी ती चोरीच. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य तर आपण तिघांनीही घरातून काढायचं. माझ्या तोंडी तुमच्यापेक्षा जास्त असतं.

आता अब्बा, खरं बोलायचं होतं ते. तुमचे गुडघे सुजलेत, अम्मीने फोनवर सांगितलं. तिच्यावर चिडू नका. नमाजला हट्टाने जमिनीवर बसू नका, खुर्ची घ्या. रुकूला थोडं वाका, सजद्याला त्याहून जास्त. खुर्ची चाकांची नको, आणि खाली सरकणारी चटई तर अजिबात नको. सवाब, नमाजचं पुण्य, कमी होईल ही भीती मनातून काढा. बंदा आजारी पडला किंवा प्रवासात असला तरी, धडधाकट असताना तो जे करायचा तेच त्याच्या नावे लिहिलं जातं, असं बुखारीतच आहे. तबूकच्या मोहिमेत, हिजरी ९ मध्ये, जे आजारपणामुळे मदीनेत राहिले, तेही प्रत्येक दरीत आपल्यासोबत आहेत, असं नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सांगितलं होतं. लहानपणी मला खांद्यावर बसवून मशिदीत नेणारे तुम्ही, खुर्चीवर बसल्याने कमी होणार आहात का?

अम्मी, रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचार. गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडून लिहून घे, अंदाजाने पुढेमागे करू नकोस. नाही म्हणाले तर नाही.

जुम्म्याच्या आधी खुर्ची आणा आणि मला फोटो पाठवा. मुलं येतील तेव्हा अब्बा त्याच खुर्चीवर बसलेले त्यांना दिसू देत.

तुमची,
बेटी

ता. क. बरणीचं काय करायचं ते अब्बांनी ठरवावं. मुलांना सांगू मात्र नका.