अण्णांच्या गाडीचं दुखणं

मालगुंड,
२० मे

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

धाकट्याच्या मुंजीला आलो नाही म्हणून वहिनी रागावल्या असतील. त्यांना सांग, घरून पहाटे पाचला निघालो होतो आणि दुपारी दोनला टेम्पोमागे दोरी बांधून परत आलो. फोनवर तू एकच वाक्य बोललास, "तुला विकायलाच नको होती ती गाडी." त्यासाठी हे पत्र. अण्णांच्या मारुतीत खोट नव्हती रे.

हातखंब्याला रस्त्याच्या कामामुळे वीस मिनिटं उभे होतो, तिथेच इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. पालीच्या पुढे वाऱ्याला लागल्यावर खाली आला, म्हणून मी गाफील. साखरपा सोडून आंबा घाट लागला, दुसऱ्या गिअरमध्ये पुढच्या ट्रकमागे रखडलो, आणि काटा लालमध्ये. कोल्हापूरच्या थंडीसाठी अण्णांनी हौसेने बसवून घेतलेला हीटर भर मे महिन्यात पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते तेवढीच. आम्ही दोघं घामाने निथळलो, आणि तिसऱ्या वळणावर गाडीने पाणी फेकलंच. झाकणाला मात्र तासभर हात लावला नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजून घेतलेला माणूस लहानपणी पाहिलाय मी.

इथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला: हेड गॅस्केट गेलं (म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पट्टी), हेड उतरवावं लागेल. त्याआधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकू, असंही म्हणाला. आपल्याकडे हा एक रिवाजच पडलाय, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा. मग इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल पितं. मी म्हटलं, दोन दिवस दे.

गार इंजिनावर झाकण काढून गाडी चालू ठेवली, बुडबुड्यांची रांग लागली नाही. ऑइलची काडी काढून पाहिली, दुधाळपणा नाही. मागून पांढरा धूर नाही. तेव्हा हेडचं भूत उतरलं. थर्मोस्टॅट आमच्या चहाच्या भांड्यात उकळत ठेवला (भांडं आता गाडीचंच झालंय, असा निर्णय घरात झाला आहे). साधारण ८२ अंशांना उघडायला हवा, आणि उघडला.

मग शांतपणे विचार केला. गाडी उभी असताना तापते, पळताना निवते. म्हणजे पंखा. बॅटरीवरून दोन वायरी थेट दिल्या तर पंखा घोंघावत फिरला. रेडिएटरवरच्या, पंखा चालू करणाऱ्या स्विचचा प्लग काढून टोकं जोडली, तर म्हाताऱ्यासारखा रेंगाळत फिरला. फ्यूज शाबूत. बॅटरीच्या निगेटिव्हवरून पंख्याच्या अर्थला (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरला) एक जादा वायर लावली आणि एकदम जोर आला! अर्थचा बोल्ट उघडला तर खाली गंज, आणि तांब्याच्या टोकावर हिरवा भुगा. समुद्र घरापासून हाकेवर, दुसरं काय होणार?

पण लेका, घाटाचं कोडं एकट्या पंख्याने सुटेना. नवीन अर्थ लावून निवळीचा चढ चढवला, तरी काटा हलला. म्हणून रेडिएटर खाली उतरवला. पुढच्या बाजूच्या पातळ पात्यांना बोट लावलं तर ती खाऱ्या बिस्किटासारखी चुरली. पाती गेली की नळ्यांतली उष्णता हवेला द्यायला काही उरतच नाही. आणि आतून? लाल चिखल. ती करणी माझी. अण्णांनी डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते द्रव) बदलल्याची प्रत्येक तारीख लिहिलीय. मी मात्र दोन वर्षं पाणी कमी झालं की विहिरीचं ओतत होतो. कूलंटमध्ये गंज रोखणारा भाग असतो, तो मी पातळ करत करत संपवला. बाहेरून खारा वारा, आतून मी.

नवा रेडिएटर बसवलाय, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरून दोनदा हवा काढली. काल पुन्हा साखरप्यापर्यंत जाऊन आलो, हातखंब्याला मुद्दाम इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. पंखा लागला, बंद झाला, परत लागला. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

एक काम राहिलंय ते तुझ्याकडे. झाकण अजून जुनंच आहे, त्याचं रबर दगड झालंय. ते दाब धरतं म्हणून पाणी शंभरऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. ढिलं झालं तर सगळी मेहनत वाया. उद्यमनगरात जाशील तेव्हा वर दाबाचा आकडा ०.९ लिहिलेलं बघून एक घे. एसटीने पाठवू नकोस. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन स्वतः येतो, आंब्याच्या दोन पेट्या आहेत. एक वहिनींची.

तुझा,
बाळ्या