दुबईतले भाव पडल्यावर घर घ्यायचं असेल तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "दुबईतले भाव पडू देत, मग एक छोटं घर घेऊन ठेवू, भाडं येत राहील," हे तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण फोनवर आकडे निसटतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. आई, तूही वाच, कारण कागदावर दोघांची नावं लागणार आहेत. का, ते पुढे येतंच.

भाव पडतात हे खरं. २००८ साली शिखरावर असलेला दुबईचा बाजार वर्षभरात जवळपास निम्म्यावर आला. नोव्हेंबर २००९मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने कर्जफेडीला मुदत मागितली आणि डिसेंबरात अबू धाबीने १० अब्ज डॉलर देऊन वेळ निभावली. नंतर भाव सावरले, आणि २०१४पासून पुन्हा उतरत गेले ते थेट २०२०पर्यंत. पहिली पडझड झटक्याची, दुसरी सहा वर्षं रेंगाळलेली. दुसरीत तिसऱ्या वर्षी घर घेणाऱ्यालाही आपण तळाशीच घेतलं असं वाटलं असणार. त्यामुळे तळ गाठायचा नाद सोडा. कोणतं घर आणि कोणते कागद, एवढंच आपल्या हातात आहे.

शिवाय तिकडे निम्मा झालेला भाव रुपयांत निम्मा होत नाही. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. २००८च्या मध्याला डॉलर साधारण ४३ रुपयांना होता, मार्च २००९मध्ये ५१च्या आसपास. १० लाख दिरहमचं घर तेव्हा सुमारे १ कोटी १७ लाखांचं होतं. ते ५ लाख दिरहमवर आलं तेव्हा रुपयांत ६९ लाखांच्या घरात गेलं. म्हणजे घट ५० नव्हे, ४१ टक्के. जगात घबराट झाली की रुपयाही घसरतो, म्हणून हा हिशेब प्रत्येक वेळी करायचाच.

आता मुख्य मुद्दा. पडत्या बाजारात सगळ्यात आकर्षक किंमत असते ती न बांधलेल्या घराची. दलाल आधी तेच दाखवतील: १० टक्के आता, बाकी हप्त्याने, ताबा तीन वर्षांनी. तुमच्या वयाला हे नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. पाम जेबेल अली बेटावरची घरं २००८च्या आधी विकली गेली, मंदीत काम थांबलं आणि प्रकल्प नव्याने जाहीर झाला तो २०२३मध्ये. कायदे आता पुष्कळ बरे आहेत. २००७च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने ग्राहकांचे पैसे प्रकल्पाच्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्या बांधकामासाठी राखलेल्या खात्यातच, जमा व्हावे लागतात आणि इमारत पूर्ण झाल्यावरही त्यातले ५ टक्के वर्षभर अडवून ठेवतात. २००८च्या १३ क्रमांकाच्या कायद्याने अपूर्ण घराची विक्री प्राथमिक नोंदवहीत, म्हणजे लोक ज्याला 'ओकूद' म्हणतात तिथे, नोंदवलेली नसेल तर ती रद्दबातल ठरते. पण एस्क्रो खात्यामुळे पैसे पळत नाहीत, एवढंच. नवे ग्राहक आटले की खात्यात भर पडत नाही आणि क्रेन उभ्या राहतात. आणि हप्ता आपण चुकवला तर? इमारत ८० टक्क्यांहून जास्त झालेली असेल तर बिल्डरला करार मोडून घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेता येते. भरलेल्या रकमेच्या नव्हे, किमतीच्या. आजारपणात दोन हप्ते राहिले तर केवढ्याला पडेल ते बघा.

तेव्हा तयार घर, आणि तेही टायटल डीड, म्हणजे मालकीपत्र, आधीच निघालेलं. डीडवरची माहिती दुबई लँड डिपार्टमेंटकडे, म्हणजे तिथल्या सरकारी जमीन-नोंदणी खात्याकडे, ताडून घ्यायची: मालकाचं नाव, घराचा नंबर, क्षेत्रफळ आणि बँकेचा बोजा.

हा बोजाच मंदीत सौदे मोडतो. समजा मालकाचं कर्ज ९ लाख दिरहम शिल्लक आहे आणि घराला आता ८ लाखच येतात. वरचा १ लाख त्याने खिशातून भरल्याशिवाय बँक घर मोकळं करणार नाही, आणि तो अडचणीत आहे म्हणूनच तर विकतोय. म्हणून फॉर्म एफवर, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्यातल्या करारावर, सही करण्याआधी त्याच्या बँकेचं थकबाकीचं पत्र मागायचं. फरकाची रक्कम कुठून येणार याचा पुरावा नसेल तर पुढच्या घराकडे वळायचं, भाव कितीही गोड असो. करारासोबत १० टक्क्यांचा चेक द्यायची रीत आहे. तो मालकाच्या हातात द्यायचा नाही, नोंदणीकृत एजंटकडे ठेवायचा, आणि सौदा कोणत्या कारणाने मोडला तर तो कोणाला परत, हे करारात लिहून घ्यायचं.

पुढचं सोपं आहे. बिल्डरची एनओसी लागते आणि मालकाचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा खर्च, थकलेला असेल तर ती मिळत नाही, ही आपल्या फायद्याची गोष्ट. मग ट्रस्टी ऑफिसात, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या अधिकृत कार्यालयात, एकाच बैठकीत मॅनेजर्स चेक (बँकेने स्वतः काढलेले चेक) दिले जातात आणि डीड नव्या नावाने निघतं. तुम्ही जाणार नसाल तर मुखत्यारपत्र करावं लागेल. ते नोटरी, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे पुन्हा शिक्का व अरबी भाषांतर अशा वाटेने जातं. त्यात 'अमुक घर, अमुक किमतीपर्यंत खरेदी' एवढाच अधिकार द्या. विकण्याचा अधिकार कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.

१० लाख दिरहमच्या घरावर नोंदणी शुल्क ४ टक्के म्हणजे ४०,०००, एजंटचे २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट मिळून २१,०००, ट्रस्टी ऑफिसचे ४,२०० आणि किरकोळ. सुमारे साडेसहा टक्के वर गेले असं धरा.

भाड्याचे आकडे दलाल नेहमी खर्च न वजा करता सांगतात. सर्व्हिस चार्ज चौरस फुटामागे वर्षाला असतो. १५ दिरहमचा दर धरला तर ८०० फुटांच्या घराला १२,००० दिरहम, घर रिकामं असलं तरी. प्रत्येक इमारतीचा मंजूर दर लँड डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर दिसतो, तोच बघायचा. चिलर, म्हणजे एसीला थंडावा पुरवणारी यंत्रणा, इमारतीबाहेरच्या कंपनीचा असेल तर तिचं ठरावीक शुल्क एसी बंद असतानाही चालू राहतं. मंदीत भाडीही उतरतात. घरात भाडेकरू असेल तर त्याचा 'इजारी'त, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवलेला करार वाचायचा, कारण मालक बदलला तरी तो करार चालूच राहतो. स्वतः राहायचं म्हणून त्याला उठवायचं झालं तरी नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

आता आपल्या बाजूचं, इथेच बहुतेक लोक फसतात. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. १० लाख दिरहम म्हणजे २,७२,००० डॉलरच्या वर, एकट्याच्या मर्यादेबाहेर. नवरा-बायकोने मर्यादा एकत्र करायची तर दोघंही सहमालक हवेत. आई, म्हणून तुझं नाव. यासाठी कर्ज काढून चालत नाही, आणि ताब्यानंतर बिल्डरला हप्ते देत राहण्याची योजना हेही कर्जच ठरवलं जाऊ शकतं. घरांच्या प्रदर्शनात क्रेडिट कार्डावर बुकिंग करायचं नाही. "मी तिकडे भरतो, तुम्ही मला इथे रोख द्या" म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

बाबा, पैसे आधीच तिकडे नेऊन ठेवू आणि भाव पडायची वाट बघू, हेही जमणार नाही. न वापरलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी लागते. शिवाय पाठवतानाच बँक वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, वसूल करते. एका पॅनवरून १ कोटी पाठवले तर १८ लाख जादा लागतात. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकतात. तुमच्या मुदत ठेवी किती मोडायच्या ते ठरवताना ही रक्कम धरा.

घर झाल्यावर सध्याचा साधा आयटीआर-१ चालणार नाही. परदेशी मालमत्तेचा एफए तक्ता दरवर्षी भरावा लागेल, भाडं शून्य असलं तरीही. चुकला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, आणि छोट्या रकमांना दिलेली सवलत स्थावर मालमत्तेला लागू नाही. तिकडे भाड्यावर आयकर नाही, इथे मात्र आहे.

एक अवघड गोष्टही लिहून टाकते. दोघांच्या नावावरचं घर तिकडे एकाच्या पश्चात आपोआप दुसऱ्याचं होत नाही. तो हिस्सा कोर्टातून जातो आणि तोवर विकता येत नाही. तेव्हा खरेदीबरोबरच डीआयएफसीमध्ये, म्हणजे स्वतःची न्यायालयं असलेल्या दुबईच्या वित्तकेंद्रात, मृत्युपत्र नोंदवायचं, दोघांनी स्वतंत्र. तो खर्च घराच्याच हिशेबात धरा.

या सगळ्यानंतरही तुमचा विचार कायम असेल तर मला तीन गोष्टी पाठवा: दोघांच्या मागच्या तीन वर्षांच्या रिटर्नच्या पावत्या, कोणत्या ठेवी कधी सुटतात याची यादी, आणि घर व आजारपण यांसाठी किती रक्कम हात न लावता बाजूला ठेवणार तो आकडा. तो आकडा आईने ठरवायचा आहे. तो आल्यावरच मी घरं बघायला घेईन.

तुमची,
धाकटी