आधी तुम्हांला कळावे म्हणून

ती. आई व ती. बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितो. मी अमेरिकेच्या लष्करात वैद्यकीय साहाय्यक म्हणून भरती झालो आहे. सही झाली आहे. पुढच्या महिन्यात साउथ कॅरोलिनातील फोर्ट जॅक्सन येथे दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायचे आहे. आई, कागद खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

ऑफिसच्या कामासाठी परगावी जातो आहे, असे सांगून वेळ मारून नेता आली असती. तसे केले नाही, याचे कारण पॅट्रिक गॅलाहर. आयर्लंडच्या मेयो परगण्यात, बॅलीहॉनिसजवळच्या एका शेतकऱ्याच्या नऊ मुलांतला हा दुसरा. १९६२ मध्ये, अठराव्या वर्षी, तो इथे लाँग आयलंडला आला आणि नोकरी सांभाळून कायदा शिकू लागला. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, पण कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांनाही तेव्हा सक्तीची भरती लागू होती, आणि १९६६ मध्ये तो मरीन सैनिक म्हणून व्हिएतनाममध्ये लढत होता. (मला सक्ती नाही, हे तुम्ही म्हणाल, म्हणूनच तुमच्यापुढे उत्तर द्यायला मी बांधील आहे.)

त्याच वर्षी १८ जुलैच्या रात्री ‘कॅम लो’ या ठिकाणी सोबती झोपलेले असताना त्यांच्या खंदकात हातबाँब पडला. गॅलाहरने तो लाथेने उडवला. लगेच दुसरा पडला, तो दोघा सोबत्यांच्या मधोमध. त्यावर हा पालथा झोपला. बाकीचे सुरक्षित जागी पोहोचल्यावर तुकडीप्रमुखाने त्याला उठायला सांगितले, तेव्हा त्याने तो बाँब पोटाखालून काढून नदीकडे भिरकावला आणि पाण्याला लागताच तो फुटला. कोणालाही इजा झाली नाही. या शौर्याबद्दल त्याला नेव्ही क्रॉस मिळाला, आणि आपण व्हिएतनाममध्ये आहोत हे घरी सांगणे त्या पदकामुळे त्याला भाग पडले. तोवर आईवडिलांना पत्ताच नव्हता. त्यांना काळजी लागू नये, एवढाच त्याचा हेतू असणार. ३० मार्च १९६७ रोजी दाय लॉक येथे गस्तीवर असताना गोळी लागून तो गेला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याचा देह बॅलीहॉनिसला नेऊन पुरला. २०१८ मध्ये एका नव्या विनाशिकेला त्याचे नाव देण्याचे जाहीर झाले, याचा मला अभिमान वाटतो. तरी त्या माउलीला मुलाच्या आयुष्याचा शेवटचा भाग इतक्या उशिरा कळला, हे मला सलत राहते.

आई, तुझे माहेर सैनिकांच्या अपशिंगे गावचे, त्यामुळे लष्कराचे नाव तुला नवे नाही. पण त्या तारेनंतर आजीने काय भोगले हेही मी विसरलेलो नाही. नोकरी गेली म्हणून किंवा कोणी भरीस घातले म्हणून मी हे केलेले नाही. काम जखमींना सांभाळण्याचे आहे. धोका नाही असे लिहिले, तर गॅलाहरची गोष्ट सांगण्यात अर्थ उरणार नाही. परंतु सध्या तरी शिकण्याचेच दिवस आहेत. तिथे गरम पाणी आहे, जाड पांघरूण आहे, तीन वेळा पोटभर जेवण आहे. वरणभात नसेल, पण लहानपणी ताप उतरल्यावर तू भरवायचीस त्या मऊ भाताची आठवण काढायला कोण अडवणार आहे?

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, "बरे वाटते" म्हणून सोडायची नाही. डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीपुढे ढकलू नका, ताई रजा घेऊन येणार आहे. आईने पावसात गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे नाही. प्रशिक्षणात फोन बहुतेक वेळ काढून घेतात, तेव्हा माझा आवाज आला नाही तर वाईट मनात आणू नका. पत्रे मात्र पोहोचतात. पत्ता मिळताच कळवतो. पहिले पत्र बाबांनी लिहावे, रागावलेले असले तरी चालेल.

तुमचा,
बंडू