सांदण दरीतील मुक्कामाला वाळवंटी घळींचे नियम लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की नाशिकचे ट्रेकर घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे वळतात आणि त्यांपैकी बरेच जण साम्रद गावाजवळच्या सांदण दरीत उतरून तिथेच रात्र काढतात. अमेरिकेतील वाळवंटी घळींमध्ये तंबू टाकून राहिलेल्यांची छायाचित्रे पाहून ही हौस वाढली असावी. हौसेला माझी हरकत नाही. मात्र तिथला मुक्काम ज्या नियमांवर उभा आहे, त्यांची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही, म्हणून हे पत्र.

युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवरील पारिया घळीचे उदाहरण घेऊ. उभ्या कातळभिंतींमधून नदीच्या पात्रातूनच कित्येक किलोमीटर चालायचे, वाटेत नळ, शौचालय, दुकान यांपैकी काहीही नाही आणि संकट आले तर मदत पोहोचायला बराच वेळ लागणार, असे ते ठिकाण आहे. तिथे रात्रीच्या मुक्कामासाठी दिवसाला फक्त २० जणांना परवाना मिळतो, एका गटात १० पेक्षा जास्त माणसे चालत नाहीत, शेकोटी पेटवता येत नाही आणि शौचासाठी दिलेल्या खास पिशव्यांमधून स्वतःची विष्ठासुद्धा पाठीवर वाहून बाहेर आणावी लागते. हा शेवटचा नियम ऐकून आपल्याकडे नाके मुरडली जातात, पण त्यामागचे कारण साधे आहे. कोरड्या वाळवंटी मातीत ओल आणि सूक्ष्मजीव कमी असल्याने पुरलेली विष्ठा लवकर कुजत नाही. शिवाय अरुंद घळीत पाण्यापासून साठ मीटर दूर जावे म्हटले तरी तेवढी जागाच नसते. शेकोटीचेही तसेच. वाळवंटातले झाड अतिशय सावकाश वाढते, त्याचे वाळलेले लाकूड कीटकांचा आणि सरड्यांचा आसरा असते आणि शेवटी त्याच मातीचे खत होते. पाण्याचा हिशेब तर आणखी कडक असतो. माणशी दिवसाला सुमारे चार लिटर धरले, तर तीन दिवसांचे पाणीच बारा किलो भरते, त्यामुळे वाटेतल्या झऱ्यांवर अवलंबून राहावे लागते आणि त्या झऱ्यात भांडी घासणे किंवा साबण लावणे हा माणसांइतकाच प्राण्यांवरही अन्याय ठरतो.

सांदण वाळवंटात नाही, हे मला ठाऊक आहे. इथे धो धो पाऊस पडतो आणि ‘चार महिन्यांत सगळे धुऊन जाईल’ हे उत्तर नेमके त्यामुळेच ऐकू येते. धुऊन जाते, पण कुठे? दरी कोकणाच्या बाजूला उतरते. वर टाकलेले प्लास्टिक आणि घाण खालच्या गावांच्या ओढ्यांत जाते. दरीतले पाण्याचे डोह पावसाळ्यानंतर वाहते राहत नाहीत, त्यामुळे हिवाळाभर जे त्यात पडेल ते तिथेच साचते. शेकोटीबाबत तर आपली बाजू वाळवंटापेक्षाही कमकुवत आहे, कारण फेब्रुवारीपासून सह्याद्रीतले गवत वाळून कोरडेठाक होते आणि वणव्याला एक ठिणगी पुरते.

जिवाचा धोका मात्र दोन्हीकडे अगदी सारखा आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील ॲन्टिलोप घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस घळीत नव्हे, तर कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला पडला होता. कातळ पाणी शोषत नाही आणि अरुंद भिंतींमध्ये त्याला पसरायला जागा मिळत नाही, त्यामुळे डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही खाली लोंढा येऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात सांदणला जाणे टाळतात, हे योग्यच. पण मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस हे ठरलेल्या हंगामाबाहेर येतात आणि नेमके तेव्हा दरीच्या तळाशी तंबू लागलेले असतात. रात्री झोपेत असलेल्या माणसाला पाण्याचा आवाज ऐकून वर चढायला वेळ मिळत नाही.

म्हणून वन विभागाने दरीच्या तळाशी होणाऱ्या मुक्कामासाठी दिवसाची संख्या ठरवून परवाना द्यावा, वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत तो देणे थांबवावे आणि शेकोटी व ध्वनिवर्धक यांना पूर्ण मनाई करावी. साम्रदच्या ग्रामस्थांचे उत्पन्न बुडू नये, यासाठी तंबूंची जागा दरीवर, गावाजवळ असावी. जेवण, वाटाड्या आणि शौचालय यांची सोय तिथेच होऊ शकते आणि परवाना शुल्काचा ठरावीक वाटा गावाला मिळावा. नाशिकमधील ट्रेक आयोजकांनी तर शासकीय आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. गट लहान ठेवणे, निघण्यापूर्वी घाटमाथ्याचा हवामान अंदाज पाहून प्रसंगी ट्रेक रद्द करून पैसे परत देणे आणि नेलेला कचरा नाशिकपर्यंत परत आणणे, एवढे ते येत्या हंगामापासून सुरू करू शकतात.

आपला,
एक ट्रेकर वाचक,
इंदिरानगर, नाशिक