दुसरं इंजिन

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दोन इंजिनं आहेत. एक बंद पडलं तरी दुसरं आहेच की!" मी हो म्हणालो आणि फोन ठेवला, पण रात्री झोप लागेना. आता तू माझ्याशिवाय, चार माणसांची जबाबदारी घेऊन समुद्रात जाणार. म्हणून जे तोंडी सांगायचं राहिलं ते लिहून पाठवतोय.

तू चौथीत होतीस तेव्हाची गोष्ट. घरी मी ती कधी नीट सांगितली नाही, कारण तुझी आई घाबरली असती. बोटीवर दोन आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेली इंजिनं, आणि दोघांना मिळून एकच टाकी. किनारा सोडून तासभर झाला होता. डाव्या इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि ते थांबलं. मी उजवं न्यूट्रलला टाकलं, मागे गेलो, डाव्याचं झाकण उघडलं आणि त्यात डोकं घातलं. सोबतचा माणूस मला हत्यारं देत उभा. सुकाणूवर कोणीच नाही. सगळ्यात मोठी चूक ही होती, आणि ती माझी होती.

बोट चालत नसली की वारा तिला हवी तशी फिरवतो. आऊटबोर्डची बोट मागे जड आणि मागेच बुटकी. तिने लाटेकडे पाठ केली आणि एक लाट सरळ आत आली. घोट्यापर्यंत पाणी. मी मान वर केली तेव्हा कानावर खडकांवर लाटा फुटण्याचा आवाज पडला. झाकण उघडलं तेव्हा तो आवाज येत नव्हता.

धावत जाऊन उजवं गिअरमध्ये टाकलं, बोटीचं नाक लाटेवर घेतलं आणि खडकांपासून लांब निघालो. दहाएक मिनिटांत उजव्यानेही अगदी तसेच आचके द्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाकी एक, पेट्रोल एक. डावं ज्या कारणाने थांबलं, त्याच कारणाने उजवंही थांबणार होतं. डाव्याने मला आधीच कळवलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तिथे खोली 9 मीटर होती. नांगर टाकला आणि जवळजवळ 50 मीटर दोर सोडला. खोलीच्या पाचपट तरी दोर हवाच, वारा जोरात असेल तर सातपट. नांगर रुतला, बोट वळून लाटांना सामोरी उभी राहिली आणि एकदम सगळं शांत झालं. मग मी फिल्टरच्या तळाचा नळ सोडून काचेच्या बाटलीत धरला. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, आणि मध्ये ठळक रेघ. बाटली हलवली की पाण्याचे मणी होऊन पुन्हा खाली बसायचे. ती बाटली अजून डोळ्यांपुढे आहे. सुदैवाने एक छोटा कॅन वेगळ्या वेळी भरलेला होता. उजव्याची नळी त्याला जोडली, हातपंपाचा रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला आणि त्या एका इंजिनावर हळूहळू घरी आलो.

म्हणून तुझ्या बोटीचं आधी एवढं बघ: दोन्ही इंजिनांची टाकी वेगळी आहे का? पाणी वेगळं करणारा फिल्टर प्रत्येकाला स्वतंत्र आहे का? बॅटऱ्या दोन आहेत का? जिथे वाट एक, तिथे इंजिनं दोन असून उपयोग नाही. टाकी एकच असेल तर निदान एक कॅन दुसऱ्या दिवशी भरलेला ठेव. आणि टाकीचा हवेचा झरोका रोज बघ. तो बंद झाला की तो रबरी फुगा चेपतो आणि चेपलेलाच राहतो. हाताला ते लगेच कळतं.

आता प्रत्यक्ष एक थांबलं तर.

मेलेल्या इंजिनाकडे जायची घाई करू नकोस. जे चालतंय त्याला जप. आधी सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, सुकाणूवर माणूस, बोटीचं नाक लाटेकडे. वारा आणि पाण्याची ओढ आपल्याला कुठे नेतेय, तिकडे खडक, उथळ पाणी, जहाजांची वाट काय आहे, ते बघ. जागा मोकळी असेल तरच मागे जायचं. चालतं इंजिन बंद करायचं नाही आणि त्याचा एकही भाग काढून दुसऱ्याला लावायचा नाही. मोह होतो, कारण सुटे भाग समोरच दिसत असतात. पण बघायला मात्र चालत्याचा फार उपयोग आहे. त्याचा फुगा किती घट्ट, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार किती जोरात, ते बघून दुसऱ्याशी ताडून पाहायचं.

बहुतेक वेळा कारण साधं असतं. मनगटाची सुरक्षा-दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडतं, ती निसटलेली असते. (तिची एक जादा क्लिप बोटीवर ठेव. तू दोरीसकट पाण्यात पडलीस तर मागे राहिलेल्यांना इंजिन सुरू करता आलं पाहिजे.) गरम झाल्याचा भोंगा वाजला तर पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असू शकते. इंजिन बंद केलं की ओढ थांबते आणि पुष्कळदा ती आपोआप सुटते. इंजिन जोरात ओरडतंय पण बोट पुढे सरकत नाही, तर इंजिनाच्या खालच्या, पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या आतलं रबर घसरलं असं समज. तेव्हा अगदी कमी फेऱ्यांवर ते धरून राहतं का बघ. पंख्यात दोर किंवा जाळं असेल तर दोन्ही न्यूट्रलला, त्या इंजिनाची किल्ली काढून तुझ्या खिशात, आणि मगच ते वर उचलून हात घालायचा.

दुरुस्त होत नसेल तर मेलेलं इंजिन वर उचलून ठेव. पाण्यात राहिलं तर नुसतं ओझं होऊन बोटीला मागे ओढतं. बॅटरी गेली असेल तर बटण चालणार नाही. खाली ब्रॅकेटजवळ एक स्क्रू असतो, तो सैल केला की इंजिन हाताने उचलता येतं. तुझ्या इंजिनांवर तो कुठे आहे ते आजच बोटाने चाचपून घे. उचलल्यावर सुकाणू दोन्हीकडे फिरवून बघ, एक दुसऱ्याला घासत तर नाही ना.

एका इंजिनावर बोट मेलेल्या बाजूला वळत राहते. उजवं चालू असेल तर ती डावीकडे ओढेल, तुला उजवीकडे धरून ठेवावं लागेल. हाताला थोड्या वेळात सवय होते. अवघड गोष्ट वेगळीच आहे: बोट पूर्वीसारखी पाण्यावर उचलली जाणार नाही. मग माणूस थ्रॉटल दाबतो, नाक आभाळाकडे जातं, फेऱ्या वाढत नाहीत आणि बिचारं एकटं इंजिन दोघांचा भार ओढत तापतं, पेट्रोल पितं. तसं करू नकोस. नाक उचलायच्या आधीचा जो निवांत वेग आहे तोच ठेव. तुझी बोट पाण्याच्या रेषेवर 25 फूट भरते, म्हणजे तो 6 ते 7 नॉट, तासाला तेवढे सागरी मैल. 24 नॉटने अर्ध्या तासात कापलेले 12 सागरी मैल परतताना 6 नॉटने दोन तास घेतील. समोरून पाण्याची 2 नॉटची ओढ असेल तर तीन. अंधार किती वाजता पडतो, पेट्रोल किती आहे, याचा हिशेब तेव्हाच मांड. म्हणूनच मी म्हणतो, एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हात न लावता ठेवायला.

रेडिओबद्दल लाजू नकोस. एक इंजिन गेलं आणि परतीची शंका असेल तर मदतीच्या हाकेच्या चॅनल 16 वर तीनदा "पॅन-पॅन" (तातडीची अडचण) म्हणून जागा आणि माणसं किती ते सांग. जिवावर बेतलं तरच "मेडे". दोन्ही गेली आणि खोली जास्त असेल तर नाकावरून समुद्री नांगर सोड, म्हणजे पाण्यात छत्रीसारखं फुगून बोटीचं नाक लाटेकडे धरणारं कापड. काही झालं तरी बोट सोडून पोहत निघायचं नाही.

जेट्टीला लागताना घाई नको. इंजिनाचा जोर नसेल तर आऊटबोर्ड वळवून काहीच होत नाही. शिवाय मेलेल्या बाजूला बोट चटकन वळते, चालत्या बाजूला नाखुशीने. शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन ये, आणि पहिल्यांदा जमलं नाही तर बाहेर जाऊन पुन्हा ये.

हे वाचून हाताला यायचं नाही. येत्या रविवारी समुद्र शांत असेल तर मोकळ्या पाण्यात डावं बंद करून वर उचल आणि अर्धा तास उजव्यावर चालव. मग उलट. किती फेऱ्यांना किती वेग मिळाला आणि नाक कुठे उचलायला लागलं, ते दोन्ही वेळा वहीत लिही. रात्री फोन केलास की मला ते आकडे वाचून दाखव. मी माझी जुनी वही काढून ठेवतो.

तुझा,
बाबा